सातवीला सनावळ्या शिकवताना

मॅडम, पहिल्याच वर्षी सनावळ्या पाठ करून घ्यायच्या मागे लागू नका, पोरं 1674 राज्याभिषेक, 1761 पानिपत असं धडाधड म्हणतात पण मधे किती काळ गेला विचारलं की गप्प. मला तर एकाने विचारलेलं, सर महाराज रायगडावर रेल्वेने का नाही गेले. हसू नका, त्याच्या डोक्यात सगळं 'जुन्या काळी' या एकाच डब्यात होतं.

मी काय करतो, सुतळी आणि कपड्यांचे चिमटे. एक मीटर म्हणजे 100 वर्षं. 1674 ला एक चिमटा, बोरीबंदर ते ठाणे गाडी सुटली 1853 ला तिथे दुसरा, मधे पावणेदोन मीटरपेक्षा जास्त सुतळी, ती पोरांनीच मोजायची. मग सम्राट अशोक कुठे विचारा. तो इसवी सनाच्या आधी साधारण 268 ला गादीवर आला, म्हणजे महाराजांपासून एकोणीस मीटरच्या वर, वर्ग संपतो, व्हरांड्यात जावं लागतं (शेजारच्या वर्गाची बोलणी खायची तयारी ठेवा).

शतकाचा घोळ दरवर्षी होतो, 1674 म्हणजे सोळावं शतक असंच लिहितात. तेव्हा विचारायचं, बारा पूर्ण झाली की कितवं लागतं? तेरावं. तसंच सोळा शतकं पूर्ण झाली, सतरावं लागलं. इसवी सनापूर्वचे आकडे उलटे जातात ते गणितातल्या ऋण संख्यांसारखे दाखवा, फक्त तिथे शून्य साल नसतं एवढं आठवणीने सांगा.