हाताने चालतं, रात्री क्रॉनमध्ये अडतं: त्या मशीनला स्वतःची की द्या

तुमचा प्रश्न मला असा कळला: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात स्टॉकच्या प्रोग्रामचं लिनक्स मशीन आहे. रात्री दोनला क्रॉनमधली (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीतली) स्क्रिप्ट गिटहबवरच्या खाजगी रेपोतून, म्हणजे कोडच्या साठ्यातून, नवा कोड ओढते. तुम्ही समोर बसून चालवली की चालते, रात्री मात्र लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड, पब्लिक की’. म्हणून आता यूआरएलमध्येच टोकन (पासवर्डऐवजी चालणारी गुप्त अक्षरं) घालायचा विचार आहे. कृपया तसं करू नका. आधी हे का अडतं ते बघू.

गिटहबशी ही जोडणी एसएसएचने होते आणि ओळख पटते कीच्या जोडीने: खाजगी भाग तुमच्या मशीनवर, पब्लिक भाग गिटहबकडे. तुम्ही लॉगिन करता तेव्हा तुमच्या सेशनमध्ये की सांभाळणारा एसएसएच एजंट सुरू होतो. एकदा पासफ्रेज (कीचा पासवर्ड) दिली की उघडलेली की तो मेमरीत धरून ठेवतो. हा एजंट कुठे सापडेल, ते एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये लिहिलेलं असतं आणि क्रॉनला ते व्हेरिएबल मिळतच नाही. मग एसएसएच थेट की-फाइलकडे जातं. फाइलला पासफ्रेज आहे, आणि रात्री दोनला ती विचारायची कुणाला?

खात्री करायची तर क्रॉनमधूनच एकदा ‘व्ही’ (तपशील दाखवणारा) पर्याय लावून एसएसएचने गिटहबला जोडा आणि सगळं आउटपुट फाइलमध्ये घ्या. त्यात ‘ऑफरिंग पब्लिक की’ ही ओळ शोधा. तिच्यापुढे ‘सर्व्हर अ‍ॅक्सेप्ट्स की’ येऊनही शेवटी नकार मिळाला असेल, तर पासफ्रेजच आडवी आली असं समजा. आणि फाइलचा पत्ता रूटच्या (मशीनच्या मुख्य अ‍ॅडमिन युजरच्या) होम फोल्डरमधला दिसला, तर नोंद रूटच्या क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या यादीत, पडली आहे. तिथे तुमची की नसतेच. हा दुसरा घोळ मी वारंवार पाहिलाय.

आता उपाय. त्या मशीनवर, ज्या युजरच्या नावाने क्रॉन चालतं त्याच युजरने, ईडी२५५१९ प्रकारची नवी की पासफ्रेजशिवाय बनवा. फाइलची परमिशन ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा. पब्लिक भाग त्या रेपोच्या सेटिंगमध्ये ‘डिप्लॉय की’ म्हणून लावा आणि लिहिण्याच्या परवानगीची खूण करू नका. पासफ्रेज नाही म्हणून घाबरायला होतं, मला कळतं. पण ही की एकाच रेपोचा कोड वाचू शकते, दुसरं काही नाही. मशीन चोरीला गेलं तर ती एक की काढून टाकायची, तुमच्या खात्याला धक्का लागत नाही. एक डिप्लॉय की एकाच रेपोला लागते, त्यामुळे दुसऱ्या रेपोसाठी दुसरी की आणि एसएसएच कॉन्फिगमध्ये वेगळं टोपणनाव. तिथेच ‘आयडेंटिटीज ओन्ली’ला ‘यस’ लिहा, म्हणजे भलतीच की पुढे केली जाणार नाही.

होस्ट कीची (समोरचा सर्व्हर खरोखर गिटहबचाच आहे हे पटवणाऱ्या कीची) तपासणी बंद करायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ऐकू नका. गिटहबने २४ मार्च २०२३ला आपली आरएसए होस्ट की बदलली, कारण तिचा खाजगी भाग थोड्या वेळासाठी सार्वजनिक रेपोत उघडा पडला होता. जुनी की नोंदवलेल्या स्क्रिप्ट त्या दिवशी थांबल्या, आणि थांबायलाच हव्या होत्या. गिटहब आपल्या होस्ट कींचे फिंगरप्रिंट (ओळखीच्या छोट्या खुणा) स्वतःच्या कागदपत्रांत छापतं. ते जुळवा आणि एकदाच नोंद करा.

टोकनबद्दल मी इतका आग्रही का? १३ ऑगस्ट २०२१ला गिटहबने गिटसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणं बंद केलं. तेव्हा चादरीच्या एका युनिटची स्क्रिप्ट बंद पडली आणि मी घाईत यूआरएलमध्ये टोकन घातलं. ती यूआरएल जशीच्या तशी रेपोच्या गिट कॉन्फिगमध्ये लिहिली जाते. काही महिन्यांनी तो फोल्डर पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या मशीनवर गेला. माझ्या सगळ्या रेपोंना चालणारं ते टोकन किती हातांतून फिरलं, मला आजही सांगता येत नाही. त्या संध्याकाळी मी ते रद्द केलं आणि प्रत्येक रेपोतल्या नोंदी एकेक करून तपासल्या.

कारखान्याच्या नेटवर्कवर पोर्ट २२ बंद असेल, तर गिटहबचं एसएसएच पोर्ट ४४३वरूनही चालतं. तेही जमलं नाही तरच टोकन घ्या: फाइन-ग्रेन्ड, एका रेपोपुरतं, फक्त वाचण्याचं, मुदत घातलेलं. ते क्रेडेन्शियल हेल्परकडे (गिटसाठी टोकन साठवणाऱ्या सोयीकडे) द्या. ‘स्टोअर’ हेल्पर साध्या मजकुरात लिहितो, म्हणून त्या फाइललाही ६००. स्क्रिप्टमध्ये ‘गिट टर्मिनल प्रॉम्प्ट’ हे व्हेरिएबल शून्य करा, म्हणजे मुदत संपल्यावर ती युजरनेम विचारत बसणार नाही, लगेच चूक दाखवून बाहेर पडेल.

सगळं झालं की क्रॉनची वेळ दहा मिनिटांनंतरची लावा, मशीन रीस्टार्ट करा आणि लॉगिन न करता थांबा. लॉगिन असताना घेतलेली चाचणी धरू नका. तरीही अडलं, तर ‘ऑफरिंग’पासून शेवटपर्यंतच्या ओळी इथे टाका, मी बघतो.