प्रश्न तुमचे : कार्टूनपटांतला खलनायक गेला कुठे?

प्रश्न : डिस्नेच्या जुन्या चित्रपटांत एक पक्का खलनायक असायचा. आता मुलांबरोबर बसते तेव्हा तो दिसतच नाही, नाहीतर शेवटी भलताच कुणी निघतो. असं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : 'टँगल्ड'मधली (२०१०) मदर गॉथेल ही त्या घराण्यातली जवळपास शेवटची. त्यानंतर 'रेक-इट राल्फ', 'फ्रोझन', 'बिग हिरो ६' आणि 'झूटोपिया' अशा लागोपाठ चार चित्रपटांत खलनायक लपवून ठेवला. धक्का चांगला बसतो, पण एकदाच.

'फ्रोझन'मध्ये (२०१३) आधी बर्फाची जादू असलेली राणी एल्साच खलनायिका होणार होती. 'लेट इट गो' हे गाणं तयार झालं, ती आपलीशी वाटू लागली आणि कथाच फिरली. दुष्टपणा राजपुत्र हान्सच्या वाट्याला आला. गुपित राखायचं म्हणजे त्याला स्वतःची हाव बोलून दाखवता येत नाही. मग बारा थोरले भाऊ, गादी मिळायची आशा नाही, हे सगळं शेवटाकडे घाईघाईत उरकतं. याउलट 'द लिटल मर्मेड'मधली (१९८९) समुद्रातली चेटकीण उर्सुला, माणूस व्हायला निघालेल्या जलपरीपुढे सौदा उघड मांडते : मुदत तीन दिवस, तिसऱ्या दिवशी सूर्यास्ताआधी खऱ्या प्रेमाचं चुंबन, मोबदल्यात आवाज. तिथून पुढे प्रत्येक प्रसंगाला ताण आपोआप येतो.

'एन्कांटो'त (२०२१) खलनायकच नाही; आजीच्या मनातली भीतीच घर पोखरते. तो चित्रपट उत्तम आहे, उणीव मानू नये. फसला तो 'विश' (२०२३). राजा मॅग्निफिको मुद्दाम जुन्या वळणाचा, पण सत्ता त्याच्याकडे आधीच आहे आणि तो पुरता बिघडतो तो निषिद्ध पोथीमुळे. म्हणजे दुष्टपणाही उसना!

प्रश्न : दहा मिनिटांच्या बालनाट्यात खलनायक हवाय. काय सांभाळू?
— एक शिक्षक, चिपळूण

उत्तर : नायकाला हवी तीच एक वस्तू त्यालाही हवी, आणि ते पहिल्या दोन मिनिटांत कळू द्या. दुःखी बालपण गाळा, तेवढा वेळच नाही. पोशाख ठरवताना मागून दिवा लावून नुसती सावली पाहा. 'स्लीपिंग ब्यूटी'तली दुष्ट परी मॅलिफिसंट शिंगांवरूनच ओळखू येते. बेत ऐकायला एक चेला द्या, नाहीतर खलनायक प्रेक्षकांना भाषण देत बसतो. हार त्याच्याच खोडीतून यावी. 'द लायन किंग'मधला (१९९४) दुष्ट सिंह स्कार सगळा दोष आपल्याच साथीदार तरसांवर ढकलतो, ती ते ऐकतात आणि त्याच्यावरच उलटतात. तालमीत चेल्यालाच जास्त हशे मिळू लागले, तर निर्दयपणे त्याची वाक्यं कापा.