वाचकांचे प्रश्न : अंगावरचं वेळेआधी तोडावं लागतं तेव्हा

बाळाला अन्नाची ॲलर्जी निघते आणि अंगावरचं दूध सुरू ठेवायचं की थांबवायचं, असा प्रश्न पुढे येतो. या अंकात त्याच विषयावरची सहा पत्रं घेतली आहेत. बालरोगतज्ज्ञ, स्तनपान सल्लागार आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

बाळ साडेतीन महिन्यांचं आहे. शीमध्ये रक्ताचे बारीक धागे आणि शेंबडासारखा चिकटा दिसतो. गाईच्या दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असावी असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मी दुधाचं सगळं खाणं सोडलं. आज सहावा दिवस आहे, रक्त अजून येतंच आहे. वजन मात्र छान वाढतंय. घरचे म्हणतात, आता अंगावरचं बंद कर. करू का?

सहाव्या दिवशी निकाल लावू नका. तुम्ही जे खाता त्यातल्या प्रथिनाचे अगदी सूक्ष्म अंश तुमच्या दुधात उतरतात. खाणं सोडल्यावर ते काही दिवसांत कमी होतात, पण बाळाच्या आतड्याचं सुजलेलं अस्तर भरून यायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणूनच या पथ्याची मुदत २ ते ४ आठवडे धरतात. बाळ हसतंखेळतं आहे, वजन वाढतंय आणि रक्त धाग्यापुरतंच आहे, तर डॉक्टरांच्या नजरेखाली तेवढे दिवस थांबता येतं.

दरम्यान पथ्य खरंच पूर्ण आहे का, ते तपासा. फसगत इथेच होते. दूध, लोणी, चीज सगळे सोडतात, पण बिस्किटं, पाव, तयार सूप, चॉकलेट राहून जातात. पाकिटावर केसिन, व्हे, मिल्क सॉलिड्स, लॅक्टाल्ब्युमिन यातला एक जरी शब्द दिसला तरी ते दूधच. तुमची प्रोटीन पावडर किंवा एखादी गोळी या तपासणीतून निसटत नाही ना, हेही बघा. दूध बंद असेपर्यंत रोज साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सोबत ड जीवनसत्त्व मिळायला हवं. किती पूरक घ्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

४ आठवडे काटेकोर पाळूनही फरक पडला नाही, तर सोया किंवा अंडं यांचा विचार होतो, तोही एकेकाचा आणि आहारतज्ज्ञाला विचारूनच. एकदम आठ पदार्थ सोडून बसणाऱ्या आया आम्हाला दर महिन्याला लिहितात. त्याला पथ्य म्हणत नाहीत, ती उपासमार आहे. आणि फरक पडलाच, तर काही आठवड्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने दूध पुन्हा थोडं खाऊन बघायचं असतं. लक्षणं परतली तरच ॲलर्जी पक्की. (ही परीक्षा सौम्य, उशिरा दिसणाऱ्या लक्षणांसाठीच.) हा टप्पा बहुतेक जण गाळतात. मग आपोआप बरं झालेल्या बाळासाठी आई महिनोन्‌महिने उगाच पथ्य करत राहते.

थांबवणं योग्य केव्हा? पूर्ण पथ्य करूनही वजन अडलं, हिमोग्लोबिन उतरत गेलं, लक्षणं तीव्रच राहिली तेव्हा; किंवा आईला पुरेसं खाताच येईना, तिचं मन खचत चाललं तेव्हा. हे शेवटचं कारण पहिल्या तिन्हींइतकंच वैद्यकीय आहे. डॉक्टरांना सांगताना ते शेवटी दबक्या आवाजात सांगू नका.

एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवा. दूध पाजल्यावर काही मिनिटांपासून २ तासांच्या आत अंगावर पित्ताच्या गांधी, ओठ सुजणं, श्वासाला त्रास, किंवा १ ते ४ तासांनी पुन्हा पुन्हा उलट्या होऊन बाळ पांढरंफटक आणि लोळागोळा होणं, यापैकी काही झालं तर वाट बघायची नाही. सरळ इस्पितळ गाठायचं.

डॉक्टरांनी उद्यापासूनच अंगावरचं बंद करून खास पावडर द्यायला सांगितलंय. बाळ ५ महिन्यांचं आहे, दिवसाला ६ वेळा पितं. एकदम बंद केलं तर माझ्या छातीचं काय?

बाळाला पाजणं थांबवणं आणि तुमचं दूध आटवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे ध्यानात घेतलंत की अर्धी काळजी मिटेल. पहिलं उद्या होऊ शकतं. दुसऱ्याला तीन-चार आठवडे द्या.

उद्यापासून बाळ बाटलीवर. तुम्ही मात्र ज्या ६ वेळांना पाजत होतात, त्याच वेळांना दूध काढत राहा, पंपाने किंवा हाताने पिळून. मग एकेक वेळ गाळत जा आणि दोन वेळा गाळण्यात ३ ते ५ दिवसांचं अंतर ठेवा. समजा वेळा सकाळी ६ व १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १० व २ अशा आहेत. आधी दुपारची २ ची गाळा, कारण तेव्हा छाती त्या मानाने हलकी असते. मग रात्री १०, मग सकाळी १०, मग रात्री २, मग संध्याकाळी ६. सकाळी ६ ची सगळ्यात शेवटी, रात्रभर साठलेलं दूध तेव्हाच निघतं. लगतच्या दोन वेळा लागोपाठ गाळल्या की दाटतंच. दर ४ दिवसांनी एक या हिशेबाने हे २४ दिवसांचं काम आहे.

मधल्या वेळात छाती दगडासारखी झाली, तर ताण सैल होईल एवढंच काढा, रिकामी करू नका. दूध छातीत साठून राहिलं की दूध बनवणाऱ्या पेशींना ‘पुरे’ असा निरोप मिळतो आणि उत्पादन घटतं. पूर्ण काढलंत की उलटा निरोप जातो. दर वेळी ‘मोकळं वाटेपर्यंत’ काढणाऱ्या बाईचं दूध आटत नाही, ते यामुळेच.

कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटं ठेवा. ऊब दिल्याने पान्हा सुटतो, म्हणून गरम पाण्याचा शेक नको. ब्रा आधार देणारी असावी, करकचून आवळणारी नको. छाती फडक्याने बांधून ठेवायची जुनी पद्धत तर नकोच, त्याने दूध तुंबून गाठ होते. कोबीच्या गार पानांचा उपाय निरुपद्रवी आहे. आमच्या मते त्यात गुण मुख्यतः गारव्याचा. दुखत असेल तर पॅरासिटामॉल चालतं, आयबुप्रोफेन सूजही उतरवतं, पण अल्सर किंवा दमा असेल तर आधी विचारा. दूध बंद करायच्या गोळ्या आहेत, पण त्या रक्तदाब आणि मानसिक आजाराचा इतिहास बघून डॉक्टरांनीच द्यायच्या असतात.

छातीवर लाल, तापलेला पट्टा, सोबत ताप, कापरं, अंगदुखी असेल आणि २४ तासांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांकडे जा. तेव्हा गाठ जोरजोरात चोळू नका, आतली सूज वाढते. आणि त्या दिवसांत दूध काढायचं अचानक बंदही करू नका.

पूर्ण आटल्यावरही काही आठवडे थेंबभर दूध दिसेल. घाबरायचं कारण नाही. पाळी लवकर परतू शकते आणि पाजण्यामुळे मिळणारं गर्भधारणेपासूनचं संरक्षण आता धरता येत नाही, हे मात्र घरात बोलून ठेवा.

मुलगी ७ महिन्यांची आहे. खास पावडरच्या दुधाचा वास आला तरी तोंड फिरवते. चाखून पाहिलं तर कडू लागलं. काय करू?

तुमची जीभ बरोबर सांगते. या पावडरीत प्रथिनांचे तुकडे तुकडे केलेले असतात, आणि त्या तुकड्यांची चव कडवट व वास उग्र असतो. ३-४ महिन्यांच्या आतलं बाळ सहसा कुरकुर न करता पितं. ७ महिन्यांच्या मुलीला आवडनिवड आलेली असते.

तुमच्या दुधाने तिला तीव्र त्रास होत नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर मिसळून सुरुवात करा. ३ भाग तुमचं काढलेलं दूध, १ भाग पावडरचं. दोन दिवसांनी निम्मं-निम्मं, मग १ भाग आणि ३ भाग, मग पूर्ण. पावडर आधी पाण्यात डब्यावरच्या मापाने तयार करा आणि मग दोन्ही दुधं एकत्र करा. कोरडी पावडर थेट अंगावरच्या दुधात घातली तर मिश्रण दाट होतं, बाळाला सोसत नाही.

वासाला टाळायची युक्ती म्हणजे झाकणाचा कप किंवा स्ट्रॉ. गार दूध गरमपेक्षा कमी वास मारतं, म्हणून तापमान बदलून बघा. पहिले काही दिवस दुसऱ्या कुणी तरी पाजावं आणि तुम्ही शेजारच्या खोलीत असावं; तुमच्या अंगाचा वास आला की ती छातीच शोधणार. भूक लागून रडू लागण्याआधी, अर्धवट झोपेत असताना देऊन पाहा. पहिल्या दिवशी ३० मिलि गेलं तरी ती सुरुवात आहे. वरच्या अन्नात, खिरीत किंवा कुस्करलेल्या भाजीत, हेच दूध घाला, तेही मोजायचं. साखर घालू नका, आणि मध तर वर्षाच्या आत कोणत्याही कारणाने नाही, त्यातून बोट्युलिझमचा (जिवाणूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा) धोका असतो.

६ ते ८ तास शू झाली नाही, तोंड कोरडं पडलं किंवा बाळ मलूल झालं, तर युक्त्या बाजूला ठेवा आणि दाखवून आणा. चव खरंच जमत नसेल तर डॉक्टर दुसऱ्या कंपनीची त्याच प्रकारची पावडर लिहून देऊ शकतात. चवीत फरक असतो. आणि शी गडद हिरवी, वासाची झाली तर दचकू नका. या दुधावर तशीच होते.

बाटलीचं काम माझ्याकडे, म्हणजे बाबाकडे आलंय. मोजमाप कळत नाही.

आधी पाणी, मग पावडर, नेहमी याच क्रमाने. डब्यावर ३० मिलिला १ चमचा लिहिलं असेल तर १२० मिलिला ४ चमचे, सुरीच्या पाठीने सपाट केलेले, दाबून भरलेले नाहीत. चमचा त्याच डब्यातला हवा, प्रत्येक डब्याचं माप वेगळं असतं. पातळ केलंत तर वजन अडतं. दाट केलंत तर बद्धकोष्ठ होतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे निदान ७० अंश सेल्सिअस असताना वापरायचं. पावडर निर्जंतुक नसते, तिच्यातले जंतू गरम पाण्यातच मरतात. जिवंत जिवाणू घातलेल्या काही पावडरींच्या डब्यावर कमी तापमान सांगितलेलं असतं, तिथे डब्याचं ऐका. बाटली गार पाण्याखाली धरून निववा आणि मनगटावर थेंब टाकून बघा. तोंड लावलेलं उरलेलं दूध तासाभरात ओतून द्या.

किती द्यायचं? ६ महिन्यांपर्यंत दिवसाला किलोमागे सुमारे १५० मिलि. ६ किलोच्या बाळाला ९०० मिलि, ६ वेळांत विभागलं तर प्रत्येकी १५०. हा अंदाज आहे, बाटली संपवायची सक्ती नको.

पाजताना बाळाला बरंचसं उभं धरा, बाटली आडवी, निपल हळू धार देणारं. मध्ये मध्ये बाटली खाली करून थांबा आणि अर्ध्यावर कूस बदला. छातीवर मिळत होता तो वेग आणि ती जवळीक यात बरीच जमते.

अंगावरचं तोडून तीन आठवडे झाले. बाळ सुधारलंय, मी मात्र रोज रडते. मी खाल्लेल्यानेच तिला त्रास झाला ना?

ताई, ॲलर्जी तुमच्या दुधाने निर्माण केलेली नाही. तुमच्या दुधातून पोचलेले अंश अगदी सूक्ष्म होते. साध्या वरच्या दुधातून तेच प्रथिन कितीतरी पट गेलं असतं. आणि जेवढे दिवस पाजलंत, ते दूध तिच्या अंगी लागलं आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत वारेतून गेलेली प्रतिपिंडंही तुमचीच.

रडण्यात एक शारीरिक भागही आहे. पाजणं थांबलं की प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन ही दुधाशी निगडित संप्रेरकं (हार्मोन्स) उतरतात, आणि काही जणींचं मन त्याबरोबर खाली जातं. झटक्यात थांबवलं असेल तर जास्तच. बाळ अजून छातीकडे तोंड वळवत असेल तर त्याला दूध हवं असतं असं नाही. सदरा काढून तिला अंगाशी घ्या, उघड्या त्वचेला त्वचा. पोटाचं काम बाटलीकडे गेलं, कुशीचं तुमच्याकडेच आहे.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त रोज रडू येत असेल, निजायला वेळ मिळूनही झोप येत नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर ते आपोआप जाईल म्हणून बसू नका. डॉक्टरांकडे एडिनबरा प्रश्नावली (बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठीची) मागा. १९८७ साली तयार झालेले हे १० प्रश्न आहेत, एकूण गुण ३०. १३ किंवा अधिक आले तर पुढची तपासणी आणि उपचार हवेत. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा आहे. त्याचं उत्तर ‘कधीच नाही’ याखेरीज काहीही असेल, तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला आणि एकट्या राहू नका. तुम्हाला तीन आठवडे झाले आहेत. या आठवड्यातच वेळ घ्या.

बकरीचं दूध किंवा लॅक्टोज नसलेलं दूध चालेल का? आणि फ्रीझरमधल्या माझ्या दुधाचं काय करू?

दोन्ही दुधं चालणार नाहीत. बकरी, म्हैस, मेंढी यांच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक बाळांना त्यांचाही त्रास होतो. लॅक्टोज ही साखर आहे आणि भांडण प्रथिनाशी आहे. लॅक्टोज काढलं तरी प्रथिन जागेवरच. ‘सहज पचणारं’ असं लिहिलेल्या, अर्धवट तोडलेल्या प्रथिनांच्या पावडरीही उपचाराला पुरत नाहीत. बदामाचं किंवा तांदळाचं पेय वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून नाहीच.

फ्रीझरमधल्या पिशव्या लगेच ओतू नका. प्रत्येकीवरची तारीख बघून पथ्याआधीची आणि पथ्यातली वेगळी करा. पथ्य पूर्ण जमल्यानंतरची पिशवी डॉक्टरांना विचारून देता येईल. पथ्याआधीची या बाळाला नको, पण दूधपेढी (आयांनी दान केलेलं दूध इतर बाळांसाठी जमवणारी) घेते का ते विचारा. त्यांच्या अटी आणि तपासण्या असतात. फ्रीझरमध्ये ६ महिन्यांपर्यंतचं दूध उत्तम धरतात. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नका, फ्रिजमध्ये वितळवलं असेल तर २४ तासांत वापरा.