जलतरण मैदानातून घरी येताना

प्रिय मुली,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला आणि मग मला पण झोप लागली नाही. बाबांशी दोन महिने नीट बोलणं नाही, सोसायटीच्या ग्रुपवर ते काय काय फॉरवर्ड करतात ते बघून तुला लाज वाटते, आणि तू विचारतेस की एवढी शिकलेली माणसं असल्या भाषणांना टाळ्या कशा वाजवतात.

शिकलेली हा शब्द आधी डोक्यातून काढ. मी विलेपार्ल्यात वाढले. टिळक मंदिरातली व्याख्यानं, घराघरात पुस्तकं, स्टेशनवर उतरलं की बिस्किटांचा वास. भाषण कसं ऐकायचं हे पार्लेकराला कोणी शिकवायला नको. आणि ह्याच पार्ल्यात डिसेंबर १९८७ मध्ये विधानसभेची पोटनिवडणूक झाली. शिवसेनेकडून डॉ. रमेश प्रभू, समोर काँग्रेसचे प्रभाकर कुंटे, आणि बाळासाहेब ठाकऱ्यांच्या सभा. ही निवडणूक आम्ही हिंदुत्वाच्या रक्षणासाठी लढतोय, मुसलमानांच्या मतांची आम्हाला पर्वा नाही, असा त्या भाषणांचा सूर, आणि हे मी आठवणीवर सांगत नाहीये, सुप्रीम कोर्टाच्या निकालात आलंय सगळं. १० डिसेंबरची सभा जलतरण मैदानावर होती. माझे बाबा ती ऐकायला गेले आणि मी पण गेले, वीस वर्षांची होते.

माझे बाबा बँकेत होते, कधी कोणाला अरे-तुरे न करणारा माणूस. सभेत ते ओरडले नाहीत, घोषणा दिल्या नाहीत, फक्त एका वाक्याला हसले, आजूबाजूचे सगळेच हसले आणि मी पण हसले. खरं सांगते, तेव्हा काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाला आला, सायकलला मागे पत्र्याचा डबा, आमच्याकडे वर्षानुवर्षं तोच यायचा, आई दाराच्या मागे पेन्सिलीने हिशोब लिहायची. बाबा पेपर वाचता वाचता म्हणाले, उद्यापासून दुसरीकडून घेत जाऊ, यांच्याकडून कशाला. आवाज सुद्धा चढवला नाही, दूध नासलंय म्हणावं इतक्या सहज. आईने उत्तर दिलं नाही, पाव मोजून घेतले आणि दार लावलं. पाववाला जिन्यात उभा होता की उतरला होता, त्याने ऐकलं की नाही, हे मला आजही माहीत नाही. महिनाभराने दारामागचा हिशोब पुसलेला होता.

हे वाक्य बाबांच्या मनात आधी नव्हतं असं मी म्हणणार नाही, असेलच कुठेतरी. पण ते घरात, आईसमोर, माझ्यासमोर बोलायला हरकत नाही हे त्यांना आदल्या रात्री मैदानात कळलं. एवढ्या हजारो माणसांनी टाळी वाजवली म्हणजे आपण काही वाईट बोलत नाही आहोत. तू भाषणांच्या क्लिप कापून फॅक्टचेक करतेस ते कर, पण भाषणाचं खरं काम क्लिपमध्ये दिसत नाही, ते दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात दिसतं.

कोर्टाचं म्हणशील तर कायदा आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३, धर्माच्या नावावर मत मागता येत नाही. कुंटे कोर्टात गेले, हायकोर्टाने १९८९ मध्ये निवडणूक रद्द केली आणि सुप्रीम कोर्टाने ११ डिसेंबर १९९५ ला ते कायम केलं, पुढे ठाकऱ्यांचा मतदानाचा हक्कही सहा वर्षांसाठी गेला. म्हणजे न्याय झाला. पण तारखा बघ ना, सभा १९८७ ची आणि शेवटचा निकाल १९९५ चा, तोपर्यंत राज्यात शिवसेना-भाजपचंच सरकार आलेलं, आणि मधल्या वर्षांत १९९२-९३ च्या दंगलीत मुंबईत सुमारे ९०० माणसं गेली. आमच्यापासून दोन स्टेशनं पुढे जोगेश्वरीला राधाबाई चाळीत हिंदू माणसं जाळली गेली, आणि मग त्या घराचं नाव घेऊन दुसऱ्यांची घरं पेटवली. आमच्या बाजूच्या सांताक्रूझची १९९० ची अशीच एक केस होती, त्यातून निघालेल्या प्रश्नावर सात न्यायाधीशांचा निकाल आला २ जानेवारी २०१७ ला, तो पण चार विरुद्ध तीन. सत्तावीस वर्षं कोण थांबणार गं.

आता बाबांबद्दल. तुझ्या नाही, माझ्याच, कारण त्यावरून तुला काहीतरी सापडेल. माझा काका गिरणीत होता. १९८२ च्या संपात घरी बसला तो बसलाच, परत त्याला कोणी कामावर घेतलं नाही, दोन मुलं आमच्याकडे शिकायला राहिली. बाबांच्या पगारात सात माणसं. त्यांना राग होता आणि तो खरा होता. गिरणी कोणी बंद पाडली, ती जमीन कोणाला मिळणार, हे त्या मैदानात कोणी बोललं नाही, तिथे बाबांना रागवायला एक पाववाला मिळाला. मी तेव्हा काकाचं नाव काढलं असतं तर बाबांनी ऐकलं असतं असं मला वाटतं. मी काढलं नाही. नंतर कॉलेजात चार पुस्तकं वाचल्यावर मी त्यांना जातीयवादी म्हणाले, भर जेवणात, आणि त्यानंतर आम्ही दोघं फक्त क्रिकेटवर बोललो, ते जाईपर्यंत.

म्हणून ग्रुपवर उत्तर देऊ नकोस. तिथे पन्नास जण बघत असतात आणि बाप मुलीपुढे हरत नाही. आणि राग खरा आहे म्हणून वाक्य पण बरोबर, असंही करू नकोस, तुझ्या पिढीतली बरीच समजूतदार मुलं तिथेच घसरतात. राग ऐकून घ्यायचा आणि वाक्य अडवायचं, दोन्ही एकाच बैठकीत. "हे लोक" म्हणाले की विचार, कोण बाबा, नाव सांगा ना. रिक्षावाला? तुमचा चष्मा बनवणारा? तुमच्या ऑफिसातले ते, ज्यांच्याकडे ईदला आपण जायचो ते? नाव आलं की ते जरा थांबतील. नाही थांबले तर पुढच्या वेळेला परत विचार, चिडायचं नाही. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगमध्ये "आपलीच माणसं घेऊ" हा विषय निघेल तेव्हा पण तू तिथे बसलेली पाहिजेस, कारण ते भाषण नाहीये, तो ठराव होतो, मिनिट्समध्ये जातो.

रविवारी घरी जाणार आहेस म्हणालीस. लवकर जा, ते चहा करतात त्या वेळेला, टीव्ही लागायच्या आधी. आणि काय झालं ते मला रात्री फोन करून सांग, उशीर झाला तरी चालेल, मी जागी असते.

तुझी,
मावशी