एका वर्षात डी अँझा संपवायची घाई नको

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या दोन ओळींवर बराच वेळ अडकले, त्यावर नंतर येते. आधी थोडक्यात सगळं मांडते म्हणजे इतर पालकांनाही कळेल. तुम्ही सनीव्हेलला राहता, मुलाने या जूनमध्ये हायस्कूल संपवलं, कम्प्युटर सायन्ससाठी युसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) सहा कॅम्पसना अर्ज केले, बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगोसकट चार ठिकाणांहून नकार, एका ठिकाणी वेटलिस्ट, एका ठिकाणी दुसऱ्याच मेजरला (मुख्य विषयाला) प्रवेश जो त्याने घेतला नाही. आता सप्टेंबरअखेर तो कुपरटिनोच्या डी अँझा कॉलेजला, म्हणजे दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजला, सुरू करतोय, आणि त्याने प्लॅन केलाय की एका वर्षात तिथून बाहेर पडून बर्कलीला ट्रान्सफर घ्यायची. त्यासाठी पहिल्याच क्वार्टरला, म्हणजे तिमाही सत्राला, २० युनिट्स (श्रेयांक). तुम्ही विचारलंय की हे जमेल का.

तुमचा मुलगा हुशार आहे हे आधी सांगते, कारण त्याने जे गणित मांडलंय ते चुकीचं नाहीये. युसीला ज्युनिअर म्हणून, म्हणजे थेट तिसऱ्या वर्षाला, ट्रान्सफर व्हायला ६० सेमिस्टर युनिट्स म्हणजे ९० क्वार्टर युनिट्स लागतात. त्याच्या पाच एपी (हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या कॉलेज पातळीच्या) परीक्षा चांगल्या गेल्यात, युसी एका एपीचे साधारण ८ क्वार्टर युनिट्स देते, म्हणजे ४० आधीच खिशात. राहिले ५०. तीन क्वार्टरमध्ये ५० म्हणजे दर क्वार्टरला १७, आणि हाताशी थोडं जास्त असावं म्हणून सुरुवातीला २०. बसतंय की! अठराव्या वर्षी एवढं बसून शोधून काढलं याचं मला कौतुकच वाटलं.

पण मेख युनिट्समध्ये नाहीच आहे, मेख तारखांमध्ये आहे. पुढच्या फॉलला (शरदातल्या सत्राला) जायचं तर युसीचा अर्ज याच नोव्हेंबरअखेर भरायचा. डी अँझाचा फॉल क्वार्टर संपतो डिसेंबरच्या मध्यावर. म्हणजे तो अर्ज सबमिट करेल तेव्हा त्याच्याकडे कॉलेजची एकसुद्धा ग्रेड नसेल, सगळीकडे नुसतं 'इन प्रोग्रेस'. जानेवारीत ग्रेड अपडेट करायला एक फॉर्म येतो, त्यात एका क्वार्टरच्या ग्रेड जातील, बस. आणि ते कुणासमोर ठेवणार, तर बर्कलीच्या कम्प्युटर सायन्ससमोर, जिथे बाकीची मुलं चार-पाच क्वार्टरचे ए घेऊन रांगेत उभी असतात. ट्रान्सफरला एसएटी बघत नाहीत, हायस्कूलची ग्रेड बघून फारसा उपयोग नाही, बघतात ते तुम्ही कॉलेजमध्ये काय केलंत, आणि त्याने तर अजून काही केलेलंच नसेल.

टॅगचंही तेच. टॅग म्हणजे प्रवेशाची लेखी हमी, सहा कॅम्पस देतात, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो देत नाहीत. टॅगचा अर्ज १ ते ३० सप्टेंबरमध्ये आणि एकाच कॅम्पसला करता येतो. या सप्टेंबरात त्याचे वर्गच सुरू होतायत, हमी कशाच्या जोरावर मागणार? एका वर्षाची घाई केली की ही हमी हातातून गेलीच, आणि दोन वर्षं घेतली तर पुढच्या सप्टेंबरात तीन क्वार्टरच्या ग्रेड दाखवून ती मागता येते. फक्त कुठल्या कॅम्पसला कुठलं मेजर टॅगमध्ये बसतं ते नीट बघायला लागतं, कम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंग बऱ्याच ठिकाणी वगळलेलं असतं, आणि हे दरवर्षी नव्याने बघायचं, मागच्या वर्षी मैत्रिणीच्या मुलाला मिळालं म्हणून गृहीत धरायचं नाही.

आता कोर्सेसची साखळी. डी अँझाला प्रोग्रामिंगचे कोर्स आहेत सीआयएस २२ए, मग २२बी, मग २२सी. एक झाल्याशिवाय दुसरा नाही. फिजिक्स ४ए, ४बी, ४सी तसंच. मॅथमध्ये त्याला एपीमुळे कॅल्क्युलसचे पहिले दोन सुटतील, तरी वन सी, वन डी आणि पुढे लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शिअल इक्वेशन्स आहेतच. एका वर्षात हे सगळं करायचं तर तिन्ही साखळ्या पहिल्या दिवसापासून एकाच वेळी, एकही क्वार्टर न चुकता ओढायच्या. आणि नवीन विद्यार्थ्यांची रजिस्ट्रेशनची तारीख जुन्या मुलांच्या नंतर येते, तोपर्यंत चांगल्या वेळा आणि चांगले प्रोफेसर भरलेले असतात, फिजिक्स ४एच्या वेटलिस्टवर नऊ नंबरला नाव लागलं आणि जागा नाही मिळाली तर एक कडी तुटली आणि अख्खं वर्ष कोलमडलं. यात त्याचा काहीही दोष नसेल.

हे त्याला मी सांगून पटणार नाही, तुम्ही सांगून तर नाहीच, म्हणून एक करा. असिस्ट नावाची कॅलिफोर्नियाची सरकारी साइट आहे, फुकट, त्यात डी अँझा टाकायचं, बर्कली टाकायचं, मेजर टाकायचं, की एक पान उघडतं. डावीकडे युनिव्हर्सिटीचा कोर्स, उजवीकडे त्याच्या बदल्यात आपल्या कॉलेजचा चालणारा कोर्स. काही ओळींमध्ये उजवीकडे कोर्सच नसतो, 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' एवढंच लिहिलेलं असतं. मुलं ती ओळ बघून पुढे जातात, तिथेच थांबायचं असतं, तो कोर्स दुसऱ्या कम्युनिटी कॉलेजमध्ये मिळतो का ते शोधायचं असतं, फूटहिल आहे, मिशन आहे, वेस्ट व्हॅली आहे, सगळं गाडीने जवळ. त्याला सांगा बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, डेव्हिस आणि सॅन होजे स्टेट अशी पाच पानं प्रिंट कर आणि सगळीकडे कॉमन असलेले कोर्स हायलाइट कर. माझ्याकडे येणाऱ्या एका घरात ही पानं फ्रिजवर कालनिर्णयच्या शेजारी लावलेली होती, कोर्स झाला की ती मुलगी स्वतः लाल पेनने खूण करायची, तिची आजी भारतातून आली होती तीसुद्धा विचारायची आज कुठला झाला. सॅन होजे स्टेट मुद्दाम घातलंय हं, नाक मुरडू नका, इथल्या कंपन्यांमध्ये तिथली मुलं भरभरून आहेत.

पहिला क्वार्टर माझ्या मते १४ किंवा १५ युनिट्सचा हवा. एक मॅथ, २२ए, एक इंग्लिश. फिजिक्स विंटरपासून. डी अँझाचा क्वार्टर १२ आठवड्यांचा असतो, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली मिडटर्म येते, मुलाला कळायच्या आत अर्धा कोर्स संपलेला असतो. हायस्कूलमध्ये वर्षभर सावरायला वेळ मिळायचा, इथे नाही. आणि एक नियम लक्षात ठेवा, डी किंवा एफ आला तर कोर्स परत करता येतो, पण सी आला तर तो सी कायमचा, परत करून सुधारता येत नाही. २० युनिट्सच्या नादात मॅथमध्ये एक सी बसला तर पुढची दीड वर्षं तो जीपीए (ग्रेडची सरासरी) वर ओढण्यात जातात. झेपत नाहीये असं वाटलं तर पहिल्या दोन आठवड्यांत कोर्स सोडायचा, तेव्हा ट्रान्स्क्रिप्टवर काही राहत नाही, नंतर सोडला तर डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे कोर्स सोडल्याचा शेरा) लागतो. एखादा डब्ल्यू म्हणजे आभाळ कोसळत नाही, पण सवय लागू नये.

घाईच्या बाजूने एकच खरं कारण आहे, आणि ते तुम्ही पत्रात नुसतं ओझरतं लिहिलंय. तो एच-फोरवर, म्हणजे आईवडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे, ग्रीन कार्डची लाइन कधी सरकेल सांगता येत नाही, आणि मार्चमध्ये १८ झाला म्हणजे दोन वर्षांच्या प्लॅनमध्ये ज्युनिअर वर्षाच्या मध्येच २१ होईल. २१ नंतर एच-फोर राहत नाही, त्याआधी एफ-वन (विद्यार्थी व्हिसा) करायला लागेल आणि मग युसीच्या रेसिडेन्सीचा, म्हणजे कॅलिफोर्नियाचा रहिवासी धरून कमी फी लावण्याचा, प्रश्न नव्याने उभा राहील. बाहेरच्या राज्याची फी लागली तर वर्षाला तीस हजार डॉलरहून जास्त बोजा वाढतो, हा काही किरकोळ आकडा नाही. यावर मी ज्ञान पाजळणार नाही, इमिग्रेशन वकिलाकडे आणि युनिव्हर्सिटीच्या रेसिडेन्सी ऑफिसकडे आत्ताच लेखी विचारा, दोन वर्षांनी नको. उत्तर हातात आल्यावर तिघांनी बसून ठरवा. दुसऱ्या बाजूला बचतही लिहून काढा, डी अँझाला कॅलिफोर्नियाच्या रेसिडेंटला एक युनिट ३१ डॉलरला पडतं, म्हणजे अख्खे ९० युनिट्स २,७९० डॉलरमध्ये, वर किरकोळ फी आणि पुस्तकं. युसीची नुसती ट्यूशन वर्षाला पंधरा हजाराच्या आसपास जाते, राहणं-खाणं वेगळं.

आता त्या शेवटच्या दोन ओळी. तुम्ही लिहिलंय, "मंडळात कुणी विचारलं तर मी सध्या गॅप इयर घेतोय असं सांगते, कम्युनिटी कॉलेज सांगायला जीभ रेटत नाही. त्यालाही माहीत आहे."

ताई, मला वाटतं ते २० युनिट्स तिथून आलेत. एपीच्या गणितातून नाही. आपली आई आपलं कॉलेज लपवतेय हे कळलेला मुलगा तिथे एक दिवससुद्धा जास्त राहायला तयार होणार नाही, तो जिवाचं रान करून बाहेर पडायला बघणार, आणि ट्रान्सफरमध्ये हीच गोष्ट मुलांना सगळ्यात जास्त नडते. मी हे रागाने लिहीत नाहीये. आपण इथे आलो तेव्हा इथली कॉलेजं आपल्याला माहीत नव्हती, आपल्या डोक्यात कॉलेज म्हणजे कटऑफ आणि मेरिट लिस्ट, पहिल्या यादीत नाव नाही म्हणजे संपलं, आणि एकदा हुकलं की परत दार उघडत नाही. कॅलिफोर्नियात तसं नाहीये. १९६० च्या मास्टर प्लॅनमध्येच हा रस्ता आखलेला आहे, कम्युनिटी कॉलेजमध्ये दोन वर्षं आणि मग युनिव्हर्सिटीत दोन वर्षं. आज अशी ११६ कॉलेजं आहेत आणि दर दोन फ्रेशमनमागे (पहिल्या वर्षाला येणाऱ्यांमागे) एक ट्रान्सफर विद्यार्थी घ्यायचा हे युसीचं धोरण आहे, आणि युसी जे ट्रान्सफर घेते त्यातले दहातले नऊ याच कॉलेजांमधून येतात. अ‍ॅपलचे स्टीव्ह वॉझनियॅक याच डी अँझात शिकून १९७१ मध्ये बर्कलीला गेले. हे मंडळात कुणाचं तोंड बंद करायला सांगत नाहीये, तुमच्या स्वतःच्या मनासाठी सांगतेय.

गणपती तोंडावर आलेत. कुणी विचारलं की सरळ सांगा, डी अँझाला आहे, कम्प्युटर सायन्स करतोय, दोन वर्षांनी ट्रान्सफर. तो शेजारी उभा असताना सांगा. त्याच्या खांद्यावरचं किती ओझं उतरेल तुम्हाला कल्पना नाही.

तुमचा अजून एक प्रश्न होता की कॉलेजच्या काउन्सेलरला तुम्ही फोन करावा का. नको. एक तर ते तुमच्याशी बहुतेक बोलणार नाहीत, फर्पा या गोपनीयतेच्या कायद्यामुळे कॉलेजमधल्या मुलाची माहिती त्याच्या परवानगीशिवाय सहसा आईवडिलांनाही देत नाहीत. आणि दुसरं म्हणजे ही सगळी उठाठेव त्यानेच करायची आहे, ट्रान्सफर सेंटरमध्ये जाऊन अपॉइंटमेंट घेणं, युसीचे प्रतिनिधी कॅम्पसवर येतात तेव्हा त्यांच्यासमोर असिस्टची पानं ठेवून विचारणं, दर क्वार्टरला युसी टॅपमध्ये (युसीच्या ट्रान्सफर प्लॅनिंगच्या साइटवर) ग्रेड भरणं. बर्कलीला गेल्यावर त्याला तिथे कुणी हात धरून नेणार नाही.

निबंधांची आत्ता काळजी नको, पण एक सांगून ठेवते. ट्रान्सफरच्या अर्जात एक प्रश्न सगळ्यांना सक्तीचा असतो, निवडलेल्या मेजरसाठी तू काय तयारी केलीस, आणि बाकी सातातले तीन निवडायचे, प्रत्येकी ३५० शब्द. तुम्ही ओघात लिहिलंय की तो दर रविवारी मराठी शाळेत लहान मुलांना शिकवतो आणि त्यांच्यासाठी काना-मात्रा-वेलांटी ओळखायचा एक छोटा गेम त्याने स्वतः कोड करून दिलाय. पत्रात हे तुम्ही "असंच काहीतरी करत असतो" म्हणून लिहिलंय! त्याला सांगा तो गेम बंद करू नकोस. २२ए झालं की परत लिही, २२सी झालं की अजून एकदा, मुलं कुठे अडकतात ते वहीत टिपून ठेव. एच-फोरवर पगारी काम करता येत नाही, पण हे करता येतं, आणि पुढच्या नोव्हेंबरात त्या सक्तीच्या प्रश्नाला त्याच्याकडे स्वतःचं, खरंखुरं उत्तर असेल.

पाच पानं झाली की मला त्यालाच पाठवायला सांगा, सोबत एपीचे स्कोअर आणि रजिस्ट्रेशनची तारीख. त्याच्याशी मी फोनवर बोलेन, तुम्ही त्या वेळी स्वयंपाकघरात असलात तरी चालेल.