वाचकांचे प्रश्न : वाचन कमी, वाद जास्त

प्रश्न : कापूस वेचून आलो की संध्याकाळी आम्ही घरोघरी बायबल वाचतो. पोरं उत्साही, पण चार-चार अध्याय वाचून वाद घालतात. काय करावं? (यवतमाळ जिल्हा)

उत्तर : भाऊ, उत्साह मोलाचा आहे, तो मोडू नका. वाचन तेवढं कमी करा. एका बैठकीला सहाच वचनं पुरेत, जसं लूक 18:9-14 (बायबलातल्या लूकच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय, वचनं 9 ते 14). एकानं सावकाश वाचावं, पाच मिनिटं शांत बसावं, दुसऱ्यानं तेच पुन्हा वाचावं. मग प्रत्येकानं मनाला भिडलेला एकच शब्द सांगावा. त्यावर कुणी बोलू नये. शेवटी प्रार्थना. वचन शेजाऱ्याला लावलं की वाद पेटतो. याच वचनांत बघा, परुशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी) प्रार्थनेतही जकातदाराकडे, म्हणजे कर वसूल करणाऱ्याकडे, बोट दाखवतो. जकातदार मात्र दूर उभा राहून, नजर वर न करता ऊर बडवतो. अर्थ अडला तर वहीत लिहा, फादर मिस्साला (उपासनेला) आले की विचारा.