‘पब्लिक फुटपाथ’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे. इंग्लंडमधल्या डर्बीशर भागात ईडेल नावाचे खेडे आहे. त्याच्या भोवतालच्या चालायच्या वाटांची माहिती एका वाचकाला मराठीत लिहायची आहे. तिथल्या खांबांवर ‘पब्लिक फुटपाथ’ आणि ‘ब्रायडलवे’ अशा पाट्या असतात. कोशात बघून ‘सार्वजनिक पदपथ’ आणि ‘अश्वमार्ग’ लिहिले, पण वाचताना नगरपालिकेची नोटीस वाटते. मग काय लिहावे? शिवाय वाटेत लागणाऱ्या ‘स्टाइल’ला, ‘किसिंग गेट’ला आणि वरच्या ‘मूर’ला काय म्हणावे?

‘पदपथ’ आधी खोडून टाका. मराठीत फुटपाथ म्हटले की रस्त्याच्या कडेचा, फरशा बसवलेला, अर्धा फेरीवाल्यांनी आणि अर्धा दुचाक्यांनी व्यापलेला पट्टा डोळ्यांपुढे येतो. त्याला इंग्लंडमध्ये ‘पेव्हमेंट’ म्हणतात. तिथला फुटपाथ कुणाच्या तरी शेतातून, मेंढ्यांच्या कुरणातून, कधी तर घराच्या अंगणालगत जातो.

मग सरळ ‘पायवाट’ का नाही? बहुतेक ठिकाणी चालेल, मीही तेच लिहीन. (‘पाऊलवाट’ला हल्ली कवितेचा वास लागला आहे. माहितीपर लेखात ‘पायवाट’च बरी.) पण एक फरक कुठेतरी सांगावा लागेल. आपली पायवाट चालून पडते. माणसे जायची थांबली की गवत वाढते आणि वाट मोडते. इंग्लंडमधला पब्लिक फुटपाथ जमिनीवर दिसेलच असे नाही. समोर नुसते हिरवे कुरण असते, पायाची एक खूण नसते, तरी वाट तिथे असते, कारण ती नकाशात नोंदलेली आहे. १९४९च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या स्थानिक प्रशासनांना अशा वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. त्या नकाशात वाट आली की ती आहे याचा तोच निर्णायक पुरावा. कुणी न चालल्याने तो हक्क बुडत नाही.

शेतकऱ्याने शेताच्या मधून जाणारी वाट नांगरली तर? नांगरायला हरकत नाही, पण पेरणीच्या मशागतीसाठी नांगरली असेल तर पहिल्यांदा मोडल्यापासून १४ दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते, निदान एक मीटर रुंद. पीक वर आले तरी तेवढी पट्टी मोकळी ठेवायची. बांधाच्या कडेने जाणारी वाट मात्र नांगरायचीच नाही. एवढ्यासाठी आपल्याकडे किती भाऊबंद कोर्टात गेले असते, ते सोडून देऊ.

म्हणजे ‘पब्लिक फुटपाथ’ या शब्दातला वजनदार भाग ‘फुटपाथ’ नसून ‘पब्लिक’ आहे. ती पाटी जाण्याचा हक्क सांगते. अशा हक्काला गावाकडे रोजच्या बोलण्यातला शब्द आहे: वहिवाट. ‘आमची इथून वहिवाट आहे’ असे शेतकरी म्हणतो तेव्हा तो जमिनीची मालकी सांगत नाही, जायचा हक्क सांगतो. मामलेदार कोर्ट कायदा १९०६चा. त्याच्या आधाराने अडवलेली वाट मोकळी करून मागणारे अर्ज आजही तहसील कचेरीत पडतात. योगायोग म्हणा किंवा एकाच कायद्याच्या घराण्यातले म्हणा, मुदतही जुळते. १८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात असा हक्क मिळायला २० वर्षांचा उघड, विनाअडथळा वापर लागतो. इंग्लंडच्या १९८०च्या महामार्ग कायद्यातही लोक २० वर्षे हक्काने चालत राहिले, तर मालकाने वाट लोकांना दिली असे धरले जाते, मालकाचा तसा इरादा नव्हता हे सिद्ध झाले नाही तर.

अडचण एकच. आपली वहिवाट बहुधा ठरावीक शेतकऱ्यांची असते, आपापल्या वावरात जाण्यापुरती. ईडेलच्या वाटेवरून मुंबईहून आलेला पाहुणाही तितक्याच हक्काने जातो. म्हणून पहिल्या उल्लेखाला ‘सार्वजनिक वहिवाटीची पायवाट’ असे लांबलचक लिहा आणि पुढे नुसती ‘पायवाट’ म्हणा. काही ठिकाणी ‘परमिसिव्ह पाथ’ अशी पाटी दिसेल. तिथे मालकाने आपखुशीने जाऊ दिलेले असते, हक्क नसतो. तिला ‘मुभेची वाट’ म्हणा. वहिवाट आणि मुभा हा भेद मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

नकाशांची खूणही ओळखीची निघेल. ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा-संस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशात या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवतात, आखूड तुकडे पायवाटेचे आणि लांब तुकडे ब्रायडलवेचे. आपल्या गावनकाशात एक तुटक रेघ म्हणजे पायमार्ग आणि दोन तुटक रेघा म्हणजे गाडीमार्ग, हे तलाठ्याकडे खेटे घातलेल्या कुणालाही ठाऊक असते.

आता ब्रायडलवे. ‘अश्वमार्ग’ ऐकून अश्वमेध आठवतो. ‘ढोरवाट’ आहे, ‘गाडीवाट’ आहे, त्याच चालीवर ‘घोडवाट’ करा. तिच्यावरून चालता येते, घोडा नेता येतो आणि १९६८पासून सायकलही. खांबावरचा बाण निळा असेल तर घोडवाट, पिवळा असेल तर फक्त पायवाट. ईडेलच्या पश्चिमेला जेकब्ज लॅडर नावाची चढण आहे, तिथे दोन्ही शब्दांतला फरक पायांनाच कळतो. खाली ओझ्याच्या घोड्यांसाठी बांधलेला अरुंद दगडी पूल आहे. त्याच्या पुढे पायऱ्यांची वाट सरळ वर चढते आणि घोडवाट वळसा घेत नागमोडी जाते. रस्ते आणि रेल्वे येण्याआधी या डोंगरांतून माल घोड्यांच्या पाठीवरून जाई. आपल्या घाटवाटांवर बैलांचे तांडे जात, तसेच. त्यामुळे शब्द नवा असला तरी उपरा वाटणार नाही.

‘स्टाइल’साठी एकच एक मराठी शब्द सुचवायचा मोह मी आवरतो. कुंपण ओलांडायला केलेली पायरी ती, तेवढेच लिहा. पण कुंपणाचा शब्द चुकवू नका. ईडेलच्या खोऱ्यात शेतांच्या कडेला चुना-सिमेंट न वापरता दगडावर दगड रचून केलेल्या भिंती आहेत. त्याला ‘कोरडी दगडी भिंत’ म्हणणे म्हणजे घरात कोकणी माणूस असताना दुभाषा बोलावणे. तो गडगा आहे. गडग्यातून बाहेर काढलेल्या लांब दगडांवर पाय देऊन पलीकडे उतरायचे, ही एक तऱ्हा. दुसरीत दोन उभ्या शिळांमध्ये एवढीच फट ठेवतात की माणसाचे पाय जातील पण मेंढी जाणार नाही. कोकणातल्या आवाराला आडवे बांबू सरकवून केलेले बेडे असते. कामही तेच, फक्त तिथे बांबू काढून परत लावायचा आळस केला की गुरे आत शिरतात.

‘किसिंग गेट’ला ‘चुंबनद्वार’ म्हणू नका, कृपा करा. अर्धगोल किंवा त्रिकोणी कोंडाळ्यात हलणारे फाटक असते ते. ते दोन्ही बाजूंना टेकते, म्हणून ‘किस’. माणूस आत शिरून, फाटक मागे ढकलून, दुसऱ्या बाजूने निघतो. गायीला ते जमत नाही. पुढचा माणूस मागच्याकडे मुका मागतो, ही तिथली जुनी थट्टा हवी तर सांगा, पण लेखात ‘एकेकाने जायचे फाटक’ पुरे.

प्रश्नात नव्हता, पण लिहिताना नक्की आडवा येईल असा एक शब्द: ‘बूथ’. ईडेलमध्ये अपर बूथ, बार्बर बूथ, ग्राइंड्सब्रुक बूथ अशा पाच वस्त्या आहेत. मतदानकेंद्राशी संबंध नाही. गुराख्यांचे निवारे होते, तिथे पुढे वस्ती झाली. मला तर सह्याद्रीतले गवळीवाडे आणि धनगरवाडे आठवले. नाव बदलू नका, पण एका कंसात ‘म्हणजे वाडा’ एवढे टाका.

राहिला ‘मूर’. ‘माळ’ लिहाल तर वाचकाला कोरडे, कुसळांचे रान दिसेल. ‘सडा’ म्हटले तर कातळ. ईडेलच्या माथ्यावरचा किंडर स्काउट ६३६ मीटर उंच आहे, आणि वर ओल्या, काळ्या, पाय रुतवणाऱ्या पीटचे (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराचे) पठार आहे. इथे ‘मूर’ तसाच ठेवा आणि पहिल्यांदा ‘ओले पठार’ अशी ओळख द्या. ‘गायरान’ तर मुळीच नको. गायरान गावाचे किंवा सरकारी असते. किंडर मात्र शिकारीसाठी राखलेली खाजगी जमीन होती. २४ एप्रिल १९३२ला शेकडो कामगार तरुण हेफील्डच्या बाजूने मुद्दाम तिथे घुसले आणि त्यांच्यातले काही तुरुंगात गेले. आज ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची आहे आणि २०००च्या कायद्याने तिथे वाट सोडूनही पायी हिंडता येते. या हक्काला ‘वहिवाट’ चालणार नाही, कारण इथे वाटच नाही. ‘मोकळ्या संचाराची जमीन’ असे लिहा. तसेच, ईडेलहून निघणाऱ्या ४३१ किलोमीटरच्या ‘पेनाइन वे’ या लांब पल्ल्याच्या पायवाटेला ‘पेनाइन मार्ग’ करू नका. ते विशेषनाम आहे.